जनुक पोहोचते, रोप उभे राहत नाही

पिकांच्या जनुकीय अभियांत्रिकीविषयी सर्वसामान्य वाचकासाठी जे लिहिले जाते, त्यात बहुतेक वेळा सगळा भर जनुकावरच असतो. कोणते जनुक, कोणत्या जीवातून घेतले, ते काय करते, त्यापासून धोका आहे की नाही, एवढ्यावर चर्चा सुरू होते आणि तिथेच संपते. प्रयोगशाळेत हे काम करणाऱ्याला विचारले तर तो वेगळेच गाऱ्हाणे सांगेल. जनुक निवडणे, त्याची जुळणी करणे, ते पेशीच्या केंद्रकापर्यंत नेणे या गोष्टी आता बऱ्यापैकी हातच्या झाल्या आहेत. मात्र ज्या एका पेशीत ते जनुक बसले, त्या पेशीपासून मुळे-पाने असलेले, फुलणारे आणि बी धरणारे अखंड रोप उभे करणे हे आजही पिकागणिक, वाणागणिक आणि कधीकधी काम करणाऱ्याच्या हातागणिक बदलणारे काम आहे. माझ्या मते या क्षेत्राची खरी अडचण तिथे आहे, आणि कोणती पिके या संशोधनात पुढे गेली व कोणती मागे राहिली, याचेही अर्धेअधिक उत्तर तिथेच सापडते.

सुरुवात एका रोगापासून करावी लागते. अनेक फळझाडांच्या खोडावर, जमिनीलगत, ओबडधोबड गाठी येतात. या गाठी मातीतल्या एका जीवाणूमुळे होतात, हे अर्विन स्मिथ आणि टाउनसेंड यांनी १९०७ साली दाखवले. तो जीवाणू म्हणजे आजचा ॲग्रोबॅक्टेरियम. पुढे असे लक्षात आले की गाठ एकदा धरली की जीवाणू मारून टाकला तरी तिची वाढ थांबत नाही. याचा अर्थ जीवाणू झाडाच्या पेशीत काहीतरी कायमचे ठेवून जातो. ही गाठ धरवण्याची क्षमता जीवाणूतल्या एका मोठ्या प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर असते, हे १९७४ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे जेफ शेल आणि मार्क व्हॅन मोंटाग्यू यांच्या गटाने शोधले, आणि १९७७ मध्ये मेरी-डेल चिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की त्या प्लाझ्मिडचा टी-डीएनए नावाचा ठरावीक तुकडाच तेवढा वनस्पतीच्या पेशीत जाऊन राहतो.

या तुकड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे २५ बेसजोड्यांची (म्हणजे डीएनएच्या २५ अक्षरांची) जवळजवळ सारखी खूण असते, आणि जीवाणूची यंत्रणा तेवढी खूण ओळखते. मधल्या भागात काय लिहिले आहे याच्याशी तिला कर्तव्य नसते. जखमी वनस्पती ॲसिटोसिरिंगोनसारखी संयुगे सोडते, त्यांचा सुगावा लागताच जीवाणूची विशिष्ट जनुके जागी होतात, टी-डीएनएची एक दोरी कापून निघते आणि प्रथिनांच्या वेष्टणात केंद्रकापर्यंत नेली जाते. खुणांच्या मधला मूळ मजकूर काढून आपल्याला हवे ते जनुक तिथे बसवता येते, आणि ते वनस्पतीत काम करते, हे १९८३ मध्ये तीन-चार गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले. इथपर्यंतचा इतिहास पाठ्यपुस्तकांत असतो.

पाठ्यपुस्तके ज्या गोष्टीवरून घाईने पुढे जातात ती अशी, की तो मूळ मजकूर निरुपयोगी नव्हता. त्यात ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही वाढीची संप्रेरके तयार करणारी जनुके होती. जीवाणू ज्या पेशीत आपला तुकडा पाठवतो, त्याच पेशीला वाढण्याचा हुकूमही सोबत पाठवतो. म्हणून तर गाठ होते. आपण ती गाठ नको म्हणून ही जनुके काढून टाकली आणि जीवाणूला निःशस्त्र केले, पण त्यामुळे पेशीला वाढायला लावण्याची जबाबदारी आपल्या अंगावर आली. पेशी ज्यावर वाढवतात त्या पोषक माध्यमात बाहेरून संप्रेरके घालून जी कसरत आपण करत असतो, ती या काढून टाकलेल्या मजकुराची भरपाई आहे. (निसर्गात हा तुकडा कधी टिकून राहत नाही असेही नाही. २०१५ मध्ये रताळ्याचे लागवडीखालील २९१ नमुने तपासले गेले, आणि त्या सर्वांमध्ये ॲग्रोबॅक्टेरियमकडून फार पूर्वी आलेला टी-डीएनए सापडला.)

ही भरपाई कशी करायची याचे सूत्र त्याआधीच उपलब्ध होते. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या ऊतींवर दाखवले होते की ऑक्सिन जास्त आणि सायटोकायनिन कमी असेल तर मुळे फुटतात, उलट असेल तर कोंब फुटतात आणि दोन्ही समतोल असतील तर नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी तयार केलेले माध्यम आजही जगभरच्या कल्चर रूममध्ये रोज वापरले जाते, आणि तेही तंबाखूसाठीच तयार झाले होते. या क्षेत्राचे पहिले दशक तंबाखू आणि पेट्युनियाच्या निष्कर्षांनी भरलेले दिसते, त्याचे कारण एवढेच की या वनस्पती पानाच्या चकतीपासूनही मुकाट्याने रोप देतात. तंबाखूला जे जमते ते सोयाबीनला जमेल, ही आशा मात्र फार काळ टिकली नाही.

तृणधान्यांबाबत तर बराच काळ असे मानले जात होते की ॲग्रोबॅक्टेरियम त्यांच्या वाटेला जातच नाही. त्यावर उपाय म्हणून १९८७ मध्ये जॉन सॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी टंगस्टनच्या सूक्ष्म कणांवर डीएनए चढवून ते कांद्याच्या पेशींत बंदुकीसारख्या उपकरणाने मारले. या पद्धतीने जीवाणूची आवडनिवड हा प्रश्न सुटला, पण कण लागलेल्या पेशीतून रोप काढायचे काम होते तिथेच राहिले. शिवाय या मार्गाने जनुकाच्या अनेक प्रती, मोडक्या-तुटक्या अवस्थेत, एकाच ठिकाणी बसण्याचे प्रमाण जास्त असते. १९९४ मध्ये हिएई आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये भातावर ॲग्रोबॅक्टेरियम यशस्वीपणे वापरून दाखवला, आणि त्यातली एक कळीची गोष्ट ऊतीची निवड ही होती.

ही निवड जरा जवळून पाहण्यासारखी आहे. भाताच्या पक्व दाण्याचे तूस काढून तो सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात निर्जंतुक करतात आणि २,४-डी हे ऑक्सिन लिटरला साधारण २ मिलिग्रॅम या प्रमाणात घातलेल्या माध्यमावर ठेवतात. तीन-चार आठवड्यांत दाण्याच्या भ्रूणाकडील बाजूने, स्क्युटेलम नावाच्या भागातून, पेशींचा गोळा फुगून येतो, तो कॅलस. सगळा कॅलस कामाचा नसतो. एकाच दाण्यावर एक भाग पांढुरका, पाणचट, चिमटा लावताच पसरणारा असतो, तर दुसरा फिकट पिवळा, कोरडा, घट्ट आणि गोलसर कणांचा असतो. पहिल्यातून रोप निघण्याची आशा ठेवू नये, दुसऱ्यातून निघते. हा फरक लेखी प्रोटोकॉलमध्ये एका ओळीत दिलेला असतो, आणि त्या ओळीवरून तो कोणालाही कळत नाही. लॅमिनार फ्लो या निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर शेजारी बसून, हा घे आणि हा टाक असे सांगणारे कोणी असावे लागते. हे काम ज्या प्रयोगशाळेत जमते, तिथून अनुभवी माणूस गेला की काही महिने ते जमेनासे होते, असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

निवडलेले कण जीवाणूच्या द्रावणात बुडवून, टिपून, ॲसिटोसिरिंगोन असलेल्या माध्यमावर अंधारात सुमारे तीन दिवस ठेवतात. त्यानंतर जीवाणूचे काम संपलेले असते आणि त्याला आवरण्याचे आपले काम सुरू होते. सेफोटॅक्झिम या जीवाणूनाशकाने धुवूनही एखाद्या कणाभोवती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुधट, बुळबुळीत वलय दिसले तर ती डिश बहुधा गेलीच. जे वाचते ते हायग्रोमायसीन घातलेल्या माध्यमावर जाते. या प्रतिजैविकाला तोंड देणारे जनुक आपण पाठवलेल्या तुकड्यातच असते, म्हणून ज्या पेशीत तो पोहोचला नाही ती मरते. पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ सगळे तपकिरी पडते. मग एखाद्या मेलेल्या कॅलसच्या अंगावर मोहरीएवढा फिकट पिवळा उंचवटा दिसतो. तो अलगद सोडवून नव्या डिशमध्ये ठेवायचा, वाढू द्यायचा, आणि नंतर संप्रेरकांचे प्रमाण पालटून उजेडात न्यायचा. हिरवे ठिपके येतात, त्यातल्या काहींना कोंब फुटतात, काही कोंब पांढरेफटक निघतात आणि हरितद्रव्याअभावी जगत नाहीत, काहींना मुळेच धरत नाहीत. निवडीतून तरलेल्या कॅलसपैकी किती रोपापर्यंत येतील हे आधी सांगता येत नाही.

शोधनिबंधांत रूपांतरणाची कार्यक्षमता म्हणून जी टक्केवारी छापली जाते, ती वाचताना मी आधी छेद पाहते. एकूण घेतलेल्या दाण्यांशी तुलना केली आहे, निवडून घेतलेल्या उत्तम कॅलसशी केली आहे, की निवडीतून वाचलेल्या कॅलसशी? एकाच प्रयोगाची टक्केवारी या तीन छेदांनी तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर जाते. एका कॅलसपासून निघालेली पाच भावंडे ही पाच स्वतंत्र रोपे म्हणून मोजली आहेत का, हेही पाहावे लागते, कारण ती एकाच घटनेची पाच रूपे असतात. या बाबतीत आपल्या क्षेत्रातले लेखन फारसे काटेकोर नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोप मिळाल्यावर तपासणी येते. पीसीआर, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा आहे का हे त्याच्या प्रती वाढवून पाहणारी चाचणी, ही पहिली पायरी, पण ऊतीत दडून राहिलेल्या जीवाणूतले प्लाझ्मिडही पीसीआरला होकार देते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबता येत नाही. सदर्न ब्लॉट करून जनुक गुणसूत्रात खरोखर बसले आहे का आणि त्याच्या किती प्रती आहेत, हे बघावे लागते. प्रती जास्त म्हणजे परिणाम जास्त, हा समज १९९० मध्येच मोडीत निघाला. पेट्युनियाची जांभळी फुले आणखी गडद व्हावीत म्हणून रिचर्ड जॉर्गेनसेन यांच्या गटाने रंगद्रव्याच्या जनुकाची जादा प्रत घातली, तर काही झाडांची फुले पांढरी आणि काहींची ठिपक्या-पट्ट्यांची निघाली. जादा प्रतीने मूळ जनुकालाही गप्प केले होते. त्यामुळे एकच प्रत असलेले, पुढच्या पिढीत तीनास एक या प्रमाणात वाटले जाणारे, आणि टी-डीएनए कोणत्याही उपयुक्त जनुकाच्या मधोमध न बसलेले रोप शोधायचे असते. चाळणी इतकी बारीक असेल तर मुळात हाती रोपे भरपूर असली पाहिजेत, आणि ऊतिसंवर्धन नेमके तेच देत नाही. दोन-तीनच रोपे मिळाली तर निवड करायला वाव राहत नाही. जे आहे त्यावर भागवावे लागते.

रोपांची संख्या का महत्त्वाची, हे शेतात गेल्यावर आणखी कळते. प्रखर उजेडात पान जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देते, आणि सावली आल्यावरही ही झडप बंद व्हायला वेळ लागतो. ही झडप लवकर मिटावी म्हणून तीन जनुकांची पातळी वाढवलेल्या सोयाबीनच्या अनेक स्वतंत्र वंशांची शेतातील चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. एका हंगामात उत्पादन सरासरी २४ टक्क्यांहून अधिक वाढले. दुसऱ्या हंगामात वादळाने पीक लवकर लोळले आणि फरक दिसला नाही. ही दोन्ही वर्षे लेखकांनी छापली, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. एकाच वंशावर, एकाच हंगामात अशी चाचणी झाली असती तर त्यावरून वाटेल तो निष्कर्ष काढता आला असता.

२०१२ नंतर क्रिस्पर, म्हणजे डीएनए ठरवलेल्या जागी कापण्याचे तंत्र, आले आणि अनेकांना वाटले की आता ही सारी खटपट संपली. २०१३ मध्ये भात आणि गव्हात त्याचा वापर झाला, आणि २०२० मध्ये जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पेंटिए यांना नोबेल मिळाले. पण कॅस९ हे प्रथिन आणि त्याचा मार्गदर्शक आरएनए पेशीत पोहोचवायचे तर बहुतेक पिकांत त्याच जीवाणूने किंवा त्याच बंदुकीने, आणि पुढे त्याच कॅलसमधून रोप काढायचे. कात्री अचूक झाली, एवढाच बदल झाला.

गव्हावरील भुरी रोगाचे उदाहरण इथे बोलके आहे. एमएलओ नावाचे जनुक निकामी झाले की भुरीची बुरशी पेशीत शिरू शकत नाही. बार्लीत हे १९४२ मध्ये क्ष-किरणांनी घडवलेल्या उत्परिवर्तनापासून ठाऊक होते. गव्हात गुणसूत्रांचे तीन संच असल्याने हे जनुक तीन जागी असते, आणि नैसर्गिक उत्परिवर्तनाने तिन्ही एकाच झाडात निकामी होणे जवळजवळ अशक्य असते. २०१४ मध्ये गाओ त्साइश्या आणि सहकाऱ्यांनी जनुक संपादनाने ते साधले. रोग हटला, पण झाडे लवकर पिवळी पडू लागली आणि वाढही खुंटली. पुढे संपादित झाडांमध्ये असा एक वंश हाती लागला की ज्यात एका जागी सुमारे ३ लाख ४ हजार बेसजोड्यांचा मोठा तुकडा गळाला होता आणि त्यामुळे शेजारचे एक जनुक जास्त सक्रिय झाले होते. हे झाड रोगालाही दाद देत नव्हते आणि वाढीतही मागे नव्हते. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. असा वंश कोणी कागदावर आखला नव्हता. तो निघाला, कारण पारखायला पुरेशी संपादित झाडे समोर होती.

आता वाणांचा प्रश्न. भातात निप्पोनबारे, गव्हात फिल्डर, मक्यात बी१०४ अशा काही वाणांपासून रोपे सहज निघतात, म्हणून जगभरचे प्रयोग त्यांच्यावरच होतात. शेतकरी मात्र ते वाण पेरत नाहीत. मग प्रयोगशाळेतल्या वाणात बसवलेले जनुक शेतातल्या वाणात आणण्यासाठी पिढ्यान् पिढ्या संकर करत राहायचे, आणि प्रत्येक पिढीत नको असलेला वारसा गाळत राहायचे. या मार्गाला अनेक हंगाम लागतात, आणि नव्या जनुकाच्या आजूबाजूचा जुन्या वाणाचा तुकडा पूर्णपणे सुटतोच असे नाही.

यावर गेल्या दशकातला सर्वांत मोठा उपाय आला तो पुन्हा वाढीच्या हुकमातूनच आला. २०१६ मध्ये मक्यात बेबी बूम आणि वुशेल ही भ्रूण व वाढबिंदू घडवणारी जनुके टी-डीएनएसोबत पाठवण्यात आली, आणि ज्या वाणांतून पूर्वी रोपच निघत नसे त्यांतून रोपे निघू लागली. ज्वारी, ऊस आणि इंडिका भातातही त्याचा उपयोग झाला. मात्र ही जनुके झाडात कायम जागी राहिली तर झाड खुरटते आणि बी धरत नाही, म्हणून काम झाल्यावर ती कापून काढण्याची सोयही त्याच तुकड्यात ठेवावी लागली. २०२० मध्ये गव्हात जीआरएफ४ आणि जीआयएफ१ या दोन प्रथिनांची जोडणी करून असाच परिणाम मिळवला गेला, आणि तिथे जनुक काढून टाकण्याची गरजही पडली नाही. जीवाणूकडून आपण जे काढून घेतले होते, ते वनस्पतीच्याच भाषेत त्याच्या हाती परत देण्याचा हा प्रकार आहे, आणि माझ्या दृष्टीने गेल्या दहा-बारा वर्षांत क्रिस्परइतकेच महत्त्व याला आहे. प्रसिद्धी मात्र त्याच्या शतांशानेही मिळालेली नाही.

कडधान्ये या सगळ्यात अजूनही मागे आहेत. चवळीत शेंगा पोखरणाऱ्या अळीविरुद्ध बीटी जनुक असलेला वाण नायजेरियाने २०१९ मध्ये मंजूर केला. ते जनुक मक्यात त्याच्या कितीतरी आधी वापरात होते. या अंतराचे खापर नेहमी नियमांवर आणि विरोधकांवर फोडले जाते, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण चवळी, हरभरा, तूर यांच्या ऊतींतून रूपांतरित रोप काढणे फार कष्टाचे आहे, आणि या पिकांत खासगी गुंतवणूकही तुटपुंजी असल्याने तो कष्टाचा भाग करायला पुरेसे हात कधी लागले नाहीत.

ज्यांची लागवड बियांपासून होत नाही अशा पिकांत तर संकराची पळवाटही बंद असते. कॅव्हेंडिश केळी बी धरत नाही, म्हणून शेतातल्या त्याच वाणात थेट जनुक घालावे लागते. ऑस्ट्रेलियात जेम्स डेल यांच्या गटाने रानकेळीतले आरजीए२ हे जनुक कॅव्हेंडिशमध्ये घालून टीआर४ या मर रोगाला तोंड देणारी झाडे तयार केली. त्यांच्या शेतातील चाचण्या २०१२ मध्ये सुरू झाल्या आणि त्या वाणाला मंजुरी मिळाली ती २०२४ मध्ये. जनुक संपादन करायचे म्हटले तर इथे आणखी एक पेच येतो. बियांच्या पिकात काम झाल्यावर कॅस९चे जनुक पुढच्या पिढीत गाळून टाकता येते. केळी, बटाटा किंवा कसावा यांत तसे केले तर वाणच मोडतो. म्हणून डीएनए न घालता तयार प्रथिन आणि आरएनएच पेशीभित्तिका काढलेल्या पेशींत, म्हणजे प्रोटोप्लास्टमध्ये, सोडण्याची पद्धत निघाली आणि २०१५ मध्ये लेट्यूसमध्ये ती यशस्वी झाली. पण एकेका प्रोटोप्लास्टपासून अखंड रोप उभे करणे बहुतेक पिकांत कॅलसपासून उभे करण्याहून अवघड असते, आणि केळीत तर रूपांतरणासाठी लागणाऱ्या भ्रूणक्षम पेशी नर फुलांच्या कोवळ्या कळ्यांपासून तयार करायलाच कित्येक महिने जातात, शिवाय त्या जुन्या होत गेल्या की त्यांची रोपे देण्याची क्षमता घटत जाते.